मदत हवी आहे: ऑफिसातून आल्यावरचा पहिला अर्धा तास

सुदामानगरची_सई
घाईत लिहितेय, लवकर सांगा. सातला घरी पोचते. चपला काढेपर्यंत धाकटा पायाला लटकतो, मोठीला वहीवर सही हवी असते आणि पर्समध्ये ऑफिसचा फोन वाजत असतो. सव्वासातला घरात कोणीतरी रडत असतं, कधीकधी मीच. काल डबा ओट्यावर असा आपटला की झाकणाला पोचा आला. तुम्ही काय करता? 'नोकरी सोड' सोडून काहीही सांगा.

पोहे_जलेबी
मुलांची वयं? घरी कोण असतं? नवरा कधी येतो? काहीच लिहिलं नाहीत आणि वर 'लवकर सांगा'!

जुना_रामबागकर
विजयनगरकडून येत असाल तर पलासियाच्या ट्रॅफिकनेच डोकं फिरतं. इंदूरची बीआरटीएस, म्हणजे बसची वेगळी मार्गिका, २०१३ मध्ये सुरू केली, २०२५ मध्ये तोडायला घेतली. मधल्या मधे आपण पिकलो.

पोहे_जलेबी
काका, तिने रस्ता विचारलेला नाही.

कायद्याचं_बोला
२०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीपासून ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी. आईला दिवसातून चारदा तिथे जाता येतं. एचआरला लेखी विचारा.

सुदामानगरची_सई
पाळणाघर नकोय हो! सासूबाई घरीच असतात. धाकटा चार वर्षांचा, मोठी नऊची. नवरा पीथमपूरला, आठवड्याआड सेकंड शिफ्ट.

तीन_पोरांची_आई
सासूबाई घरी आहेत हे आधी सांगायचं ना! आजींच्या हातून सहा-साडेसहाला मुलांना खायला मिळू दे. सेव-परमल (शेव-मुरमुरे) नव्हे, पोटाला आधार होईल असं: थालीपीठ, दूध-केळं. भुकेलं पोर सातला कावतं आणि सगळा राग आईवर काढतं, कारण ती हक्काची. तुम्ही आलात की फोन सायलेंट करून कपाटात, हातपाय धुवायचे आणि थेट जमिनीवर बसायचं. ओट्याकडे बघायचंसुद्धा नाही. वीस मिनिटं धाकटा म्हणेल तो खेळ. पोट भरलेलं असलं की तो आपणच उठून जातो. 'आधी कुकर लावते, मग येते' म्हटलं की कुकरही धड होत नाही आणि पोरही शांत होत नाही.

पार्किंगवाला
मी खाली गाडीतच दहा मिनिटं बसतो, एखादं गाणं ऐकतो, मग वर जातो.

तीन_पोरांची_आई
आणि त्या दहा मिनिटांत वर पोरांना कोण बघतं?

पार्किंगवाला
ताई, तापलेला बाप वर नेण्यापेक्षा बरं ना.

तीन_पोरांची_आई
मग वर आल्यावर बायकोलाही दहा मिनिटं द्या. देता?

सुदामानगरची_सई
माझी स्कूटी आहे. खाली बसून राहिले तर वॉचमन विचारेल, मॅडम, काय झालं?

स्क्रीनमुक्त
मोबाईल अजिबात देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे चार वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

सुदामानगरची_सई
मोबाईल देते असं मी कुठे लिहिलंय?? तीन_पोरांची_आई, तुमचं पटतंय. पण मोठीचं काय? आणि साडेसहाच्या खाण्याचं बोलले तर सासूबाईंना वाटेल, मी मुलांना उपाशी ठेवते असं म्हणतेय.

तीन_पोरांची_आई
सांगू नका, विचारा. 'आई, हा संध्याकाळी फार चिडतो, काय द्यावं?' उत्तर त्यांचंच असलं की न चुकता होईल. मोठीला पोळ्या लाटताना ओट्याशी स्टुलावर बसवा. वही तेव्हा बघायची, पीठाचे हात धुऊन सही करायची. तेवढा वेळ आई तिची एकटीची. आणि साडेसातपर्यंत फोन उचलणार नाही हे टीमला दिवसाच सांगून टाका.

पोहे_जलेबी
फोनचं तिच्या बॉसला कोण पटवणार?

सुदामानगरची_सई
ते माझ्यावर सोडा. सासूबाईंना आजच विचारते.

जुना_रामबागकर
पीथमपूरची बस हल्ली राऊवरून येते का?

पार्किंगवाला
काका, वेगळा धागा काढा.