Re: Re: बेकवेल राइड – अण्णांच्या फाइलीतला मोन्याशनंतरचा तुकडा

प्रेषक: बापू

अण्णा, इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधल्या आपल्या बेकवेल सायकल राइडसाठी तुम्ही दिलेली जीपीएक्स (रस्त्याची जीपीएस फाइल) उघडून पाहिली. मॉन्सल ट्रेल, मिलर्स डेल, टॅडिंग्टन, फ्लॅग, पार्सली हे, इथवर काही म्हणणं नाही. पण मोन्याशहून परतताना रेघ सरळ लॅथकिल डेलमध्ये उतरते आहे. ती पायवाट आहे. ओएल २४ हा ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा पसरून बघा: हिरव्या आखूड तुटक रेघा म्हणजे फुटपाथ, लांब तुटक रेघा म्हणजे ब्रिडलवे, घोड्यांनाही खुली असलेली वाट. १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टनं सायकलला मोकळीक दिली ती ब्रिडलवेवर, तीही चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी वाट देऊन. फुटपाथवर नाही. हा तुकडा काढावा लागेल.

---

प्रेषक: अण्णा

बापू, ॲपनं ग्रॅव्हल सायकल (खडीच्या वाटांवर चालणारी) निवडल्यावर दिलेला रस्ता आहे, मी हातानं काढलेला नाही. हीटमॅपवर (लोक कुठून गेले ते दाखवणाऱ्या नकाशावर) तिथं चांगली ठळक रेघ आहे, म्हणजे लोक जातातच. आणि पोलीस काही पकडत नाहीत. फारच वाटलं तर तेवढ्यात उतरून ढकलत नेऊ. बी ५०५५ वर, म्हणजे मोन्याश-बेकवेल गाडीरस्त्यावर, १४ जणांना घालण्यापेक्षा ते बरं. त्या रस्त्याला दोन्ही बाजूंना दगडी भिंती, कडेला उतरायला जागा नाही.

---

प्रेषक: बापू

पोलीस पकडत नाहीत हे खरं, कारण तो फौजदारी गुन्हा नाही. जमीनमालकाच्या हद्दीत घुसखोरी होते, प्रकरण दिवाणी आहे. पण हीटमॅपवर रेघ असली म्हणून हक्क मिळत नाही. आपल्यासारखंच कोणीतरी ॲपवर विश्वास ठेवून गेलेलं असतं, त्याची रेघ पुढच्याला रस्ता वाटते.

ढकलत नेण्याबद्दल कायदा स्पष्ट नाही, वकीलमंडळींमध्येही दोन मतं आहेत. ते बाजूला ठेवा. मोन्याशच्या बाजूनं शिरलात की दरीच्या तोंडाशी वाट नुसती दगडांची आहे, शिवाय त्या भागात भिंतींतून जायला दगडी फटी असतात, स्क्वीझ स्टाइल. माणूस तिरका होऊन निघतो. आजकालचे फ्लेअर असलेले (खाली बाहेर फाकणारे) हँडलबार खाली ५० सेंमीच्या आसपास जातात, फट खाली निमुळती होत जाते, म्हणजे वर हँडल अडकतं आणि खाली पेडल. मग १०-१२ किलोची सायकल भिंतीवरून उचलायची, ती १४ वेळा. मागं चालणाऱ्यांची रांग, त्यात कुत्री. नॅशनल नेचर रिझर्व्ह आहे तो, रविवारी मोकळा नसतो.

---

प्रेषक: बंटी

रस्त्याचं तुमचं चालू द्या. टायरचं आधी सांगा. मागच्या वेळी वहिनींचे पंक्चर आठवत असतील. मी ४० मिमी ट्यूबलेस लावतोय, ४० पीएसआय पुरेल ना? आणि माझी ११-४२ कॅसेट (मागच्या चाकाचे गिअर, ११ ते ४२ दातांचे) काढून १०-५१ टाकता येईल का? चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक) ४० चीच आहे.

---

प्रेषक: बापू

४० पीएसआय जास्त आहे. वजन ७५ किलोच्या आसपास असेल तर ४० मिमीला पुढं ३२, मागं ३५ नं सुरुवात कर. जास्त हवा असली की ट्रेलच्या खडीवर चाक उड्या मारतं आणि ओल्या चुनखडीवर घसरतं. फार कमी केलीस तर दगडाच्या कडेला रिम लागेल. सीलंट (आतून छिद्र बुजवणारा द्रव) ताजं घाल, प्रत्येक टायरला ८० मिली. जुनं वाळून गोळा झालेलं असतं, हलवून खळखळ आवाज येतो का बघ. छिद्रात भरायचे प्लग आणि एक ट्यूब तरीही सोबत हवी, कडा कापल्या गेल्या तर सीलंट काही करत नाही.

काट्यांची भीती इथं तशी कमी. कुंपणाच्या झुडपांची छाटणी ३१ ऑगस्टपर्यंत बंद असते, १ सप्टेंबरपासून सुरू होते, आणि मग ब्लॅकथॉर्न या काटेरी झुडपाचे तुकडे रस्त्यावर पडतात. पण व्हाइट पीकमध्ये, म्हणजे आपण जातोय त्या चुनखडीच्या भागात, बहुतेक शेतांना दगडी भिंती आहेत. ऑगस्टची तारीख धरली आहे ती त्या दृष्टीनं बरी.

१०-५१ चा नाद सोड. तुझा ११ स्पीडचा आरएक्स ८१२ डिरेलर (मागचे गिअर बदलणारा भाग) ४२ दातांपर्यंतच चालतो. ५१ लावलास तर डिरेलरची वरची जॉकी व्हील (छोटं दातेरी चाक) मोठ्या गिअरला घासते, अंतर वाढवणारा बी स्क्रू पूर्ण आत घेतला तरी पुरत नाही, आणि छोट्या गिअरांवर बदल उशिरा होतो. शिवाय १०-५१ ला मायक्रोस्प्लाइन प्रकारचा फ्रीहब (चाकाचा कॅसेट बसवायचा भाग) लागतो, तुझ्या चाकात एचजी प्रकारचा आहे. पुढची ३८ ची चेनरिंग टाक, हे स्वस्तात होतं.

---

प्रेषक: अण्णा

३८ नं काय फरक पडणार? दोन दातांसाठी पैसे.

---

प्रेषक: बापू

अण्णा, हिशेब बघा. ४०/४२ म्हणजे ०.९५. पेडलच्या एका फेरीत चाक साधारण २.१ मीटर पुढं जातं. मिलर्स डेलमधून प्रीस्टक्लिफकडे वर चढताना १५ टक्के धरा, माणूस आणि सायकल मिळून ९० किलो. मिनिटाला ६० फेऱ्या टिकवायच्या तर ३०० वॅटच्या आसपास लागतात. ४० ला ५१ असते तर २४५. ३८ ला ४२ म्हणजे ०.९०, साधारण २८०. फार नाही, पण उतरून चालणं आणि बसून चढणं यातला फरक तेवढाच असतो. आणि ज्यांना ते नको त्यांनी खुशाल चालावं, त्यात कसली लाज?

ब्रेक पॅड मात्र सगळ्यांनी बघा. ट्रेलवर चुरलेली चुनखडी आहे. पाऊस पडला की तिचा पांढरा राडा होतो, रेझिन पॅड त्यात भराभर झिजतात. घरी आल्यावर तो सुकायच्या आत पाण्यानं धुवा. सुकला की सिमेंटसारखा धरतो. प्रेशर वॉशर नको, बेअरिंगमध्ये पाणी जातं.

---

प्रेषक: ताई (सचिव)

सर्वांना नमस्कार. सायकल ग्रुपचा निर्णय ग्रुपनं घ्यावा हे मान्य, पण मंडळाच्या नावानं पत्रक जाणार असेल तर त्यात पायवाट नको. विम्याच्या अर्जात जाहीर केलेला रस्ता हीच मर्यादा असते. फुटपाथवर कोणाला धक्का लागला आणि दावा आला तर उत्तर कमिटीला द्यावं लागेल, ॲपला नाही.

आणखी एक. मॉन्सल ट्रेलच्या चार मोठ्या बोगद्यांत दिवसा दिवे असतात, पण ते संध्याकाळी बंद होतात. प्रत्येक बोगदा सुमारे ४०० मीटर. पुढचा-मागचा दिवा आणि घंटी नसेल त्याला निघू देणार नाही. बोगद्यात दोघांनी शेजारी नको, समोरून मुलं येतात.

---

प्रेषक: काकू

जेवणाचं कोणी विचारतच नाही. बेकवेल पुडिंग घ्यायचं म्हणे शेवटी. त्यात अंडं असतं, शाकाहारींना आधी सांगा. मी साबुदाण्याची खिचडी करीन, पण ती पार्सली हेला कोण नेणार? सॅडलबॅगेत मावणार नाही, आणि गार झाली की लागते चिकट.

---

प्रेषक: बंटी

काकू, खिचडीऐवजी थालीपीठ करा, घडी घालून जर्सीच्या खिशात जातं.

---

प्रेषक: अण्णा

थालीपीठ चालेल. पण मग बी ५०५५ वरून जायचं का नाही? मी आधीच म्हणालो होतो की फेरी उलटी करून मोन्याशची बाजू सकाळी घ्यावी, गाड्या कमी असतात.

---

प्रेषक: बापू

उलटी करू नका. बेकवेल दरीत आहे, मोन्याश वरच्या पठारावर. उलट्या फेरीत तो रस्ता चढताना लागेल, माणसं ताशी १० किमीनं रेंगाळतील आणि मागं गाड्यांची रांग लागेल. आताच्या दिशेनं तो बहुतांशी उतार आहे. गाड्यांशी वेगातला फरक कमी, आणि रस्त्यावरचा वेळही कमी.

१४ जण एकत्र नको. पाच-पाच-चारचे तीन गट करू, मध्ये किमान २०० मीटर. मागून आलेल्या गाडीला गटांच्या मध्ये शिरायला जागा मिळते. शेवटचा उतार बेकवेलमध्ये शिरताना तीव्र आहे, तिथं आधीच ब्रेक घ्या, वळणावर नाही. ए ५१५ ओलांडताना सगळ्यांनी उतरायचं, तो रस्ता सरळ आहे आणि गाड्या वाटतात त्यापेक्षा जोरात येतात. फ्लॅगच्या बाजूला कुठं कॅटल ग्रिड (गुरं अडवायला रस्त्यात बसवलेल्या सळ्या) लागलं तर सरळ रेषेत, पेडल थांबवून. तिरकं गेलात तर ओल्या सळ्यांवर चाक घसरतं.

लॅथकिलचा तुकडा काढून नवी फाइल आज रात्री टाकतो. अण्णा, तुमची जुनी फोनमधून पुसा, नाहीतर राइडच्या दिवशी दोघं दोन दिशेला जाऊ.

---

प्रेषक: अण्णा

माझी पुसतो. पण फाइलीला नाव 'बापू अंतिम' देऊ नका, गेल्या वर्षीचीही तीच आहे.