५१ पेगासी बी तिथेच जन्मला की सरकत आला?

ध्रुवमत्स्य: १९९५ मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांनी शोधलेला, ५१ पेगासी या दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा हा ग्रह डोक्यातून जात नाही. वस्तुमान गुरूच्या साधारण निम्मं, आणि वर्ष फक्त ४.२ दिवसांचं! बुध सूर्यापासून जेवढा लांब, त्याच्या सातव्या हिश्शाएवढ्या अंतरावर फिरतो. तिथे बर्फ टिकणार नाही, मग एवढा वायू जमला कसा? 'आत खडकाळ, बाहेर वायूचे' हे शाळेत शिकलेलं चूक का?

अधिक्रमणवेडी: चूक नाही, अपुरं आहे. ग्रह जन्मतात ते नव्या ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीत. तिच्यात हिमरेषेपलीकडे, म्हणजे जिथून पुढे पाणी गोठलेलंच राहतं तिथे, धुळीच्या जोडीला बर्फही असतं, म्हणून ग्रहाचा गाभा लवकर वाढतो. वस्तुमानाने पृथ्वीच्या दहापट झाला की भराभर वायू ओढतो. पण काही दशलक्ष वर्षांत तबकडीतला वायू संपतो, त्याआधी हे उरकायला हवं. वाढता ग्रह तबकडीत लाटा उठवतो, त्या त्याचा कोनीय संवेग (ताऱ्याभोवती फिरण्याचा जोर) काढून घेतात आणि तो आत सरकतो.

मला सर्वांत पटणारा पुरावा ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याच्या ग्रहांचा. सातही ग्रह एका साखळीत बांधलेत: तिसऱ्याच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा चौथ्याच्या जवळपास दोन. असा ताल सावकाश सरकतानाच जुळतो. पहिल्यांदा ते आकडे मांडून पाहिले, तेव्हा मी कितीतरी वेळ वहीकडे बघत बसले होते.

लंबवर्तुळ: ताई, साखळीचं मान्य. पण वास्प-१७ बी हा ग्रह त्याच्या ताऱ्याच्या स्वतःभोवती फिरण्याच्या उलट दिशेने फिरतो. तबकडीतून शांतपणे आलेला ग्रह उलटा कशाला फिरेल? एचडी ८०६०६ बी हा दुसरा ग्रह बघा: १११ दिवसांची, कमालीची लांबट कक्षा. ताऱ्याजवळून जाताना अवघ्या सहा तासांत त्याचं तापमान जवळपास दुप्पट होतं. दुसऱ्या ताऱ्याने किंवा ग्रहाने कक्षा ताणली असणार, आणि आता भरती-ओहोटीच्या बलाने, म्हणजे ताऱ्याच्या कमीजास्त ओढीने ग्रह ताणला जाऊन, ती आक्रसतेय. हा अजून वाटेतच आहे!

ध्रुवमत्स्य: मग ५१ पेगासी बी कुठल्या वाटेने आला?

अधिक्रमणवेडी: लंबवर्तुळ म्हणतात तीही वाट खरी, मी ती आधीच सांगायला हवी होती. तुमच्या ग्रहाची कक्षा आज जवळजवळ गोल आहे. पण ताऱ्याच्या इतक्या जवळ लांबट कक्षाही भरती-ओहोटीने गोल होतेच, त्यामुळे नुसत्या गोलाईवरून वाट ओळखता येत नाही.