ताइजीच्वान : क्रम पाठ झाला, पण यातली लढण्याची विद्या कुठे आहे?

शांघायकर :
नोकरीनिमित्त शांघायला येऊन मला दोन वर्षे होत आली. येथील फूशिंग उद्यानात सकाळी जमणाऱ्या एका गटाबरोबर मी ताइजीच्वान (ताई ची) या चिनी कलेचा चोवीस हालचालींचा संच शिकलो असून आता तो न अडखळता, साधारण सहा मिनिटांत पूर्ण करतो. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत आणि माझी चिनी भाषा कामचलाऊ असल्यामुळे त्यांचे बरेचसे बोलणे माझ्या डोक्यावरून जाते. त्या सारख्या 'सोंग, सोंग' म्हणतात (पहिले काही दिवस मला वाटे की मी सोंग करतो आहे हे त्यांनी ओळखले!) आणि मी अंग सैल सोडले की ते चुकले, अशी खूण करतात. हा व्यायाम आहे की युद्धकला, युद्धकला असेल तर इतकी संथ का, आणि 'सोंग' म्हणजे नेमके काय, हे कोणी समजावून सांगेल का? शिवाय अलीकडे सरावानंतर माझा उजवा गुडघा दुखतो.

जुना विद्यार्थी :
आपण शिकलात तो संच 1956 साली चीनच्या सरकारी क्रीडा आयोगाने यांग घराण्याच्या लांबलचक क्रमातून, पुनरावृत्ती गाळून, सर्वसामान्यांसाठी बेतला. ती अंकलिपी आहे आणि अंकलिपीत काव्य शोधू नये. यांग घराण्याचे मूळ पुरुष यांग लुछान (1799–1872) हे हनान प्रांतातील चेन्जियागोऊ या खेड्यात चेन चांगशिंग यांच्याकडे शिकले आणि पुढे पेचिंगमध्ये (बीजिंगमध्ये) लढवय्ये म्हणून नावाजले. सर्वत्र एकसारखी, संथ अशी जी चाल आज उद्यानांत दिसते, ती मुख्यतः त्यांचे नातू यांग छंगफू यांच्या शिकवणीतून रूढ झाली. चेन घराण्याच्या पहिल्या क्रमात आजही संथ हालचालींच्या मध्येच अचानक जोर फुटतो, आणि 'पाओछुई' नावाचा दुसरा क्रम तर चांगलाच वेगवान आहे. (वूडांग पर्वतावरच्या चांग सानफंग या साधूने ही कला निर्माण केली, ही कथा मात्र दंतकथा म्हणूनच ऐकावी.)

संथपणा ही शिकण्याची रीत आहे. वेगात केलेल्या हालचालीतली चूक वेगाखाली झाकली जाते; तीच हालचाल सावकाश केली की एका पायावरून दुसऱ्यावर भार जाताना तोल नेमका कुठे सुटतो, हे आपले आपल्यालाच कळते. पण एकट्याने केलेल्या सरावातून निम्मेच कळते. दोघांनी मनगटाला मनगट लावून करण्याचा 'थुईशौ' हा सराव सुरू केल्याशिवाय 'पंग, ल्यू, जी, आन' या चार शक्ती, म्हणजे पेलणे, मागे वळवून नेणे, दाबणे आणि ढकलणे, शरीराला उमगत नाहीत. तिथे समोरच्याचा जोर त्वचेने 'ऐकायचा' असतो.

लिपिवेडा :
'सोंग' या शब्दाच्या पारंपरिक लिपीतील चिन्हाच्या वरच्या भागाचा अर्थ लांब केस असा आहे. अंबाडा सोडून केस मोकळे केले की जे होते, ते इथे अभिप्रेत आहे. केस मोकळे होतात, पण गळून पडत नाहीत. आपल्याकडे दोरीचा पीळ काढला तरी दोरी तुटत नाही, तसेच. म्हणून बाईंना सांध्यांतला अनावश्यक पीळ नको आहे, पण ढिलेपणाही नको आहे. आजच्या सोप्या लिपीत हे चिन्ह आणि चीड (पाइन) वृक्षाचे चिन्ह एकच झाल्यामुळे केसांचा धागा डोळ्यांआड गेला, याची हळहळ वाटते.

नावांतही अशीच गंमत आहे. चेन घराण्यातील 'लान चा यी' म्हणजे अंगरख्याचा घोळ सहज कमरेला खोचणे. आपल्याकडे लढायला उभे राहताना काचा मारावा तसे. सोळाव्या शतकातील सेनापती छी चिग्वांग यांनी नोंदवलेल्या 32 पवित्र्यांत हा पवित्रा पहिलाच आहे. यांग घराण्यातील 'चिमणीचे शेपूट पकडणे' हे नाव याच्याच अपभ्रंशातून आले असावे, असे काही अभ्यासक मानतात.

सकाळचा सराव :
अंकलिपी हा शब्द मला जरा कठोर वाटतो. चोवीसच्या संचात 'चिमणीचे शेपूट' डावीकडून आणि मग उजवीकडून असे सलग दोनदा येते, आणि वर सांगितलेल्या चारही शक्ती तेवढ्यातच आहेत. मी वर्षभर केवळ तेवढाच भाग केला आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

गुडघ्याबद्दल म्हणायचे तर बहुधा आपण वळताना पाऊल जमिनीवर रोवून गुडघ्यातून वळत असाल. वळण कमरेतून आणि जांघेच्या सांध्यातून घ्यावे, गुडघा पावलाच्या बोटांच्या दिशेतच ठेवावा, आणि भार असलेला पाय फिरवण्याआधी तो हलका करावा. तोपर्यंत बैठक उंच ठेवा, म्हणजे गुडघे कमी वाकवा. तरीही दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवा.

शांघायकर :
सर्वांचे आभार. आज मी बाईंना खुणेने विनंती केली, तेव्हा त्यांनी माझ्या मनगटाला आपले मनगट टेकवले. मी जोर लावला आणि तो जाऊन टेकायला समोर काहीच उरले नाही. दोन पावले पुढे जाऊन मी बाकाला धरले. त्या हसून पुन्हा 'सोंग' म्हणाल्या.