नेरुळमध्ये जुन्या फ्लॅटचं काम काढतोय, कॉन्ट्रॅक्टर सुचवा (आणि कसा पारखायचा तेही सांगा)

मीनल_नेरुळ
नमस्कार मंडळी. नेरुळ पश्चिमेला रीसेलमध्ये टू बीएचके घेतलाय. बिल्डिंग १९९४ ची, तळ अधिक चार, लिफ्ट नाही, आमचा तिसरा मजला. कार्पेट ६५० चौ. फूट. राहायला जायच्या आधीच सगळं उघडून करून घ्यायचं ठरवलंय. दोन्ही बाथरूम (खालच्या काकूंच्या छताला ओल आहे, आधीच्या मालकाच्या वेळेपासूनची), किचनचा ओटा, पूर्ण वायरिंग, लादी, रंग. जमलं तर किचन आणि हॉलमधली भिंतही काढायची आहे. सासू-सासरे आमच्याकडेच राहणार, दोघंही सत्तरीच्या पुढचे.

तीन कोटेशनं हातात आहेत:
पहिला म्हणतो १८०० रुपये चौ. फूट, "सगळं धरून". म्हणजे ११ लाख ७० हजार. कागदावर चार ओळी.
दुसऱ्याचं पाच पानी, आयटेमवाईज. १० लाख ४० हजार अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १२ लाख २७ हजार.
तिसरा यांच्या ऑफिसातल्या मित्राच्या ओळखीचा. नुसती मजुरी सव्वातीन लाख, माल आपण आणून द्यायचा.

मला पहिला बरा वाटतोय, नवऱ्याला तिसरा. दोघंही नोकरीवाले, रोज साईटवर जाणं होणार नाही. नेरुळ-सीवूड्स-बेलापूर पट्ट्यात कोणी खात्रीचा असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा प्लीज.

कोपरीकर
व्यनि केलाय. आमच्या ठाण्याच्या घराचं काम त्याच्याकडून झालं, नवी मुंबईतही कामं घेतो. पण मी सांगितलं म्हणून देऊ नका. नुकतं संपलेलं काम दाखवायला सगळेच तयार असतात, नवी लादी कोणाचीही चकचकीतच दिसते. त्याला म्हणावं दोन पावसाळे काढलेलं घर दाखव. तिथे गेलात की त्या घरातलं बाथरूम नंतर बघा, आधी खालच्या मजल्यावरच्यांची बेल वाजवून त्यांचं छत बघा. लोक दाखवतात हो. उलट सगळी कहाणी सांगतात.

जुना_सिव्हिलवाला
कोपरीकरांशी शंभर टक्के सहमत. आता थोडं लांबण लावतो, निवृत्त माणसाला वेळच वेळ.

आधी भिंत. कॉन्ट्रॅक्टर बोटाने टकटक करून "साडेचार इंची आहे, उडवून टाकू" म्हणेल. बहुतेक वेळा ती पार्टिशनचीच असते. पण "बहुतेक वेळा"वर चार मजले उभे राहत नाहीत. सोसायटीकडून मंजूर नकाशा घ्या, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि त्याचं पत्र कमिटीला द्या. कमिटीची लेखी परवानगी उपविधींप्रमाणे तशीही लागतेच. तुमची बिल्डिंग तीस वर्षांच्या पुढे गेली आहे, म्हणजे महापालिका अधिनियमाच्या कलम २६५अ खाली स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक. ते झालं असेल तर रिपोर्ट मागून घ्या, सभासद म्हणून तुम्हाला तो बघायला मिळालाच पाहिजे. त्या रिपोर्टात इमारत सी-१ वर्गात असेल तर घरात एक रुपयाही घालू नका, ती रिकामी करून पाडायची असते. सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२ब आणि सी-३ मध्ये राहून दुरुस्ती करता येते.

याच कारणाने जुन्या लादीवर नवी लादी चिकटवू नका. धूळ कमी, वेळ वाचतो, सगळं खरं, पण जुन्या स्लॅबवर फुकटचं वजन वाढतं. तोडा.

आता बाथरूम. तुमच्या कामात पैसे बुडायची खरी जागा हीच. त्या काळच्या बिल्डिंगमध्ये बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि त्या खड्ड्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. जुन्या पाइपाच्या जोडातून झिरपलेलं पाणी त्यात वर्षानुवर्षं मुरून बसतं. "वरून केमिकल मारतो, तोडायची गरज नाही" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. कोबा काढून स्लॅबपर्यंत उतरायचं. सळ्या उघड्या पडल्या असतील तर आधी त्यांची दुरुस्ती. मग वॉटरप्रूफिंगचा कोट, तो भिंतीवरही चढला पाहिजे, शॉवरच्या बाजूला पार डोक्याच्या उंचीपर्यंत. कोपऱ्यात काटकोन ठेवायचा नाही, मसाल्याने वाटा (गोलाई) मारून घ्यायचा. मग नहाणी ट्रॅप (पाणी जायचं भोक) बंद करून पाणी भरायचं आणि किमान ४८ तास तसंच ठेवायचं. दोन दिवसांनी वर पाणी किती आहे ते कॉन्ट्रॅक्टर सांगेल, खाली काय दिसतंय ते काकूंना विचारा. नवा कोबा झाल्यावर हीच टेस्ट पुन्हा. त्याआधी एकही टाइल बसता कामा नये.

पाण्याचे पाइप भिंतीत गाडायच्या आधी प्रेशर टेस्ट घ्या. गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारा प्लास्टिकचा पाइप. आणि भिंतीत पाइप-वायरसाठी पाडलेल्या झिऱ्या बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, मोजपट्टी लावून. उद्या सासूबाईंसाठी आधाराची दांडी बसवायची झाली तर ड्रिल कुठे मारायचं ते कळेल. खरं तर दांडी आत्ताच बसवा. टाइल मॅट फिनिशची, उंबरठा जमेल तितका कमी, कमोड थोडा उंच.

टवाळ_टिटवी
सिव्हिलवाले काका, तुमचा नंबर व्यनि करा, आमच्याकडे नुसते साईटवर खुर्ची टाकून बसलात तरी चालेल.

ऐरोलीचा_कारागीर
मी याच धंद्यातला. इथे जाहिरात चालत नाही, त्यामुळे नाव सांगत नाही आणि तुमचं काम घेणारही नाही. पलीकडच्या बाजूने दोन शब्द.

मीनलताई, १८०० चं कोटेशन स्वस्त नाही, ते अर्धवट आहे. चार ओळीत टाइलचा बेसिक रेट किती धरलाय? पन्नासची टाइल धरली असेल आणि तुम्हाला नव्वदची आवडली की फरक तुमचा. लाइटचे पॉइंट किती? नळ कुठल्या रेंजचे? लिफ्ट नाही, म्हणजे सिमेंट, रेती, टाइल सगळं तीन मजले चढवायची हमाली. ती आत आहे का? तोडफोडीच्या गोण्या खाली उतरवून टेम्पो भरायचा खर्च? यातलं काहीही लिहिलेलं नसेल तर ते "एक्स्ट्रा" म्हणून येतं, आणि येतं तेव्हा तुमच्या घरात लादी नसते, संडास नसतो. त्या वेळी माणूस हो म्हणतो.

दुसऱ्याने पाच पानं लिहिलीत, त्याच्याशी भांडता येतं. पण मापं कशी मोजणार तेही त्यात लिहून घ्या. सगळी गंमत तिथेच असते. रंगाच्या मापातून दारं-खिडक्या वजा होणार की नाही? स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची लादीची पट्टी) रनिंग फुटात की चौ. फुटात? कपाट समोरच्या दर्शनी मापाने की आतले कप्पेही मोजून? प्लायला "मरीन" असा तोंडी शब्द नको, किचनला आयएस ७१० आणि बाकी फर्निचरला आयएस ३०३ असा मानकाचा नंबर लिहा, आणि माल उतरला की शिक्का बघा.

जीएसटी घाबरवतो, कबूल. पण त्याचा नोंदणी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून बघा. नोंदणी नसलेल्याला तुमच्याकडून जीएसटी घेताच येत नाही. सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ वर आलाय, तेव्हा त्याचा रेट जुना असेल तर बोलून घ्या. आणि पक्कं बिल जपून ठेवा. फ्लॅट पुढे विकाल तेव्हा कॅपिटल गेनमध्ये सुधारणेचा खर्च दाखवायला तेच लागतं. रोखीत दिलेल्या पैशांना तिथे कोणी विचारत नाही.

तिसऱ्याबद्दल: मजुरीवर काम देणं वाईट नाही, माझे बरेच जुने गिऱ्हाईक तसंच देतात. पण मग घरातलं एक माणूस मोकळं हवं. दुपारी फोन येणार, "टाइल अ‍ॅडेसिव्ह संपलंय, माणसं बसलीत." दोघं नोकरीला असाल तर ते जमणार नाही.

पैशांचं एवढंच सांगतो. सुरुवातीला १० ते १५ टक्के ठीक. निम्मे आगाऊ मागणारा तुमच्या पैशांतून मागच्या साईटचं देणं फेडतो. पुढचे हप्ते तारखेला बांधू नका, कामाला बांधा: तोडफोड, प्लंबिंग आणि पाण्याची टेस्ट, वायरिंग, लादी, असं. शेवटचे पाच-दहा टक्के हातात ठेवा, पण ते एका ठरलेल्या तारखेला द्यासुद्धा. फसवणारे कॉन्ट्रॅक्टर जितके आहेत ना, तितकेच "अहो रंगाची छटा वेगळी आली" म्हणून शेवटचे पन्नास हजार दाबून बसणारे लोक आहेत.

घणसोलीकर
काम बिघडलं तर महारेरात (बिल्डरांवरच्या सरकारी प्राधिकरणाकडे) जाता येतं ना? पाच वर्षांची हमी असते असं वाचलंय.

जुना_सिव्हिलवाला
नाही. ती पाच वर्षांची जबाबदारी नोंदणीकृत प्रकल्पाच्या बिल्डरची. घरात काम करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला रेरा लागू नाही. तुमचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा, पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही आणि तक्रार ऑनलाइन होते. पण तिथे जाताना हातात कागद लागतो. साध्या स्टॅम्प पेपरवरचा करार, त्याला जोडलेलं कोटेशन, बँकेतून गेलेले पैसे. व्हॉट्सअ‍ॅपवरचे "ओके सर" पुरावा म्हणून लावता येतात, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

वाशीकर
सगळे टाइल निवडतायत, मूळ प्रश्न कोणीच विचारला नाही. सोसायटीत रीडेव्हलपमेंटचं काय चाललंय? आमच्याकडे एकाने इटालियन मार्बल घातला आणि लगेच कमिटीने पीएमसी, म्हणजे रीडेव्हलपमेंटचा सल्लागार, नेमायला सभा बोलावली. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार ५१ टक्के सभासद हो म्हणाले की गाडी पुढे सरकते, तुम्ही नुकतं घर केलंय म्हणून कोणी थांबत नाही. सभांची इतिवृत्तं मागून वाचा. विषय नुसता गप्पांत असेल तर राहण्यापुरतं व्यवस्थित करा. पीएमसी नेमला गेला असेल तर पाणी, वायर, रंग आणि बस. फॉल्स सीलिंग आणि फिक्स फर्निचर सोबत नेता येत नाही.

कोपरीकर
अजून दोन गोष्टी. किचनमध्ये महानगर गॅसची लाइन असेल तर ओट्याचा नकाशा बदलायच्या आधी त्यांना कळवा. पाइप सरकवणं त्यांच्याच माणसाचं काम, प्लंबरला हात लावू देऊ नका. आणि डेब्रिज (तोडफोडीचा राडारोडा) कुठे टाकणार ते कॉन्ट्रॅक्टरला लिहून मागा. नवी मुंबई महापालिकेचं डेब्रिजवर वेगळं पथक आहे. टेम्पोवाला रात्री खाडीकाठी रिकामा करून आला आणि सापडला, तर "कुठल्या सोसायटीचं?" हा प्रश्न तुमच्या दारापर्यंत येतो.

वायरिंगमध्ये ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) टाकाच, घरात म्हातारी माणसं आणि गिझर आहे. दोन एसी लावणार असाल तर महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती ते बघून घ्या, वाढवून घ्यावा लागेल.

मीनल_नेरुळ
सगळ्यांचे आभार, मोठीच शिकवणी झाली! अपडेट देते.

ऑडिट रिपोर्ट मिळाला, बिल्डिंग सी-३ आहे. रीडेव्हलपमेंटचा विषय दोन सभांच्या इतिवृत्तात आहे, ठराव कुठेच नाही. त्यामुळे फॉल्स सीलिंग यादीतून काढलं, कपाटं सुटी घेणार.

भिंत राहिली. इंजिनिअर म्हणाले पाडता येईल, पण वर-खालच्या घरांचा पाण्याचा पाइप तिच्यातूनच गेलाय. चौघांची परवानगी काढून पाइप फिरवण्यापेक्षा आम्ही तिच्यात सर्व्हिंगची खिडकी करतोय, पाइपाच्या बाजूला सोडून. नवरा रुसलाय.

पहिल्याला सांगितलं, जुनं काम दाखवा. त्याने इन्स्टाग्रामची लिंक पाठवली. दुसऱ्याने सानपाड्यातलं एक घर दाखवलं. खालच्या आजोबांनी छत तर दाखवलंच, वर हेही सांगितलं की काम चालू असताना एकदा गळलं होतं आणि तो माणूस स्वतः येऊन पुन्हा तोडून गेला. ते ऐकून मला उलट बरंच वाटलं. पाण्याची टेस्ट, मापांची पद्धत आणि हमाली करारात घालायला तो तयार आहे. शेवटच्या दहा टक्क्यांवर अडलाय, पाच म्हणतो.

ऐरोलीचा_कारागीर
पाचावर या, पण ते पहिल्या पावसाळ्यानंतर द्यायचे असं लिहून घ्या. त्याला चालत नसेल तर थोडा विचार करा. काम कधी सुरू म्हणतोय?

मीनल_नेरुळ
दसऱ्याच्या मुहूर्तावर.

ऐरोलीचा_कारागीर
मुहूर्ताचा नारळ फोडा आणि कमिटीची परवानगी, डिपॉझिट, टाइलची निवड तेवढी उरकून घ्या. तोडफोड मात्र लगेच काढू नका. आमच्या धंद्यातले बरेच गवंडी आणि सुतार बिहार-यूपीचे, दिवाळीला गेले की छठपूजा करूनच परततात. तोडलेलं बाथरूम तोवर तसंच उघडं पडेल आणि रोज काकूंचा फोन येईल. छठनंतर हातोडा घाला. आणि कोण कोण माणसं येणार त्यांची नावं, आधारच्या कॉपी आधीच घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी वॉचमन गेटवर अडवेल.

मीनल_नेरुळ
म्हणजे भाड्याचं घर अजून एक महिना. मालकांना आजच फोन करते.