मदत हवी आहे: जर्मनीत चर्च-कर भरत राहू की नाव काढून घेऊ? (वसईकर कॅथलिक, नर्स)

नमस्कार मंडळी,

मी वसईची. दीड वर्षापासून जर्मनीत बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात नर्स आहे. आल्याच्या पहिल्या आठवड्यात पत्ता नोंदवायला गेले, तर फॉर्मवर धर्माचा रकाना. बरोबरच्या मल्याळी मैत्रिणीने तो कोरा सोडला. मी 'रोमन कॅथलिक' लिहिलं. विचारलंय तर लपवायचं कशाला, एवढंच तेव्हा मनात आलं. पहिल्या पगाराच्या स्लिपवर 'आरके' अशी दोन अक्षरं दिसली आणि एका ओळीत 38 युरो कापलेले. तेव्हापासून दर महिन्याला कापले जातात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा चर्च-कर (किर्शेनश्टॉयर) पगारावर नाही, आयकरावर लागतो. आमच्या राज्यात आणि बायर्नमध्ये 8 टक्के, बाकी राज्यांत 9. माझा आयकर महिन्याला साधारण 475 युरो, त्याचे हे 38. बहुतेक ठिकाणी सरकारचं करखातंच तो गोळा करतं आणि आपला वसुलीचा खर्च ठेवून चर्चला देतं. स्नानसंस्कार वसईत झालेला असला तरी तुम्ही इथल्या चर्चचे सभासद धरले जाता. वार्षिक रिटर्न भरताना ही रक्कम उत्पन्नातून वजा होते, म्हणजे थोडा आयकर वाचतो, पण थोडाच.

पैशांचं मला फार वाटत नाही, हे आधीच सांगते. आमच्या घरी सोनचाफा आहे. बाबा पहाटेच्या गाडीने फुलं दादरला नेतात आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी मिसाला जाताना चर्चचं पाकीट भरतात. पावसाने फुलं गेली तर पाकीट हलकं, लग्नसराईत जड. फादर कधी विचारत नाहीत. शाळेचं छप्पर गळत होतं तेव्हा बाबांनी पैसे दिले, शिवाय चार दिवस पत्रे चढवायलाही गेले. चर्चला देणं मी असं बघत मोठी झाले. इथे माझा हात कुठेच लागत नाही. पगार खात्यात यायच्या आधीच कर कापला गेलेला असतो.

मग नाव काढावं म्हटलं तर गाडी अडते. आमच्या राज्यात त्यासाठी श्टँडेसआम्टमध्ये (जन्म-लग्न नोंदणीचं सरकारी कार्यालय) जाऊन सही करायची, फी भरायची, की कर थांबतो. पण 2012 च्या सप्टेंबरात जर्मन बिशपांनी काढलेल्या आदेशानुसार असं नाव काढणाऱ्याला ख्रिस्तप्रसाद नाही, पापनिवेदन नाही, कुणाच्या बाळाची धर्ममाता होता येत नाही, आणि चर्चमधून अंत्यविधीही नाकारला जाऊ शकतो. 'मी फक्त कर सोडते, श्रद्धा नाही' असं म्हणायची सोय नाही. फ्रायबर्गच्या चर्च-कायद्याच्या एका प्राध्यापकांनी नेमका हाच प्रयत्न केला होता. त्याच वर्षी लाइपझिगच्या न्यायालयाने सांगितलं की सरकारदरबारी अर्धवट बाहेर पडता येत नाही.

माझ्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. मी काम करते ते हॉस्पिटल कॅथलिक संस्थेचं आहे. चर्चच्या नोकरीचे नियम 2022 च्या अखेरीस बरेच सैल झाले. घटस्फोट, दुसरं लग्न यावरून आता कामावरून काढत नाहीत. पण चर्च सोडणं अजूनही नोकरीच्या आड येऊ शकतं. माझी समजूत होती की चर्च-करावरच असली हॉस्पिटलं चालतात. तसं नाही. रोजचा खर्च आरोग्य विम्यातून निघतो, बांधकाम-यंत्रांना राज्य सरकार पैसे देतं.

वॉर्डातले सहकारी म्हणतात, "सोड, तुझा पैसा सुटेल." तोही पूर्ण सुटत नाही. 1803 मध्ये इथल्या राजेरजवाड्यांनी चर्चच्या जमिनी घेतल्या, बऱ्याच अंशी त्याची भरपाई म्हणून हॅम्बुर्ग आणि ब्रेमेन सोडून बाकीची राज्यं आजही वर्षाला सगळी मिळून 50 कोटी युरोंहून जास्त देतात. ते सर्वसाधारण करातून जातात, म्हणजे हिंदू, मुसलमान, नास्तिक सगळ्यांच्या खिशातून. हे देणं मिटवा असं 1919 च्या वायमार घटनेत लिहिलंय, आजच्या घटनेतही ते कलम कायम आहे, तरी मिटलेलं नाही. मी कॅथलिक असून मला हे पटत नाही. आपल्या घटनेच्या कलम 27 नुसार एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कुणाला कर द्यायला भाग पाडता येत नाही. शाळेत पाठ केलं होतं, किंमत इथे कळली.

राजकीय पक्षांनाही इथे करातून पैसे मिळतात आणि मला तर मतही नाही. तरी ते मला कमी खुपतं. मतांच्या हिशेबाने रक्कम मिळते, वर लोकांनी दिलेल्या वर्गणी-देणगीच्या प्रत्येक युरोमागे ठरावीक मर्यादेपर्यंत 45 सेंट. पक्षाने स्वतः जेवढं कमावलं त्याच्यापेक्षा जास्त सरकारी पैसा मिळत नाही. 2018 मध्ये पक्षांनी एकूण मर्यादा 16.5 कोटींवरून 19 कोटी युरो करून घेतली, ती 2023 च्या जानेवारीत घटना-न्यायालयाने रद्द केली. आपल्याकडे निवडणूक रोख्यांत देणाऱ्याचं नावच कळत नव्हतं, सर्वोच्च न्यायालयाला 2024 मध्ये ते बंद करावे लागले. त्यापेक्षा उघड, मोजून-मापून दिलेले पैसे बरे. पक्ष नसले तर मतदान कुणाला करायचं? श्रद्धेचं तसं नाही, ती ज्याने त्याने आपल्या हाताने सांभाळावी.

मला हवी असलेली मदत:

चर्चच्या संस्थेत नोकरी असताना कुणी नाव काढलंय का? पुढे काय झालं? आणि नाव काढून इथून वसईला परत गेलेलं कुणी आहे का? तिथल्या धर्मग्रामात लग्नाच्या वेळी कागद अडले का? मला या दुसऱ्याची जास्त धास्ती आहे.

भर: दोघांनी विचारलंय, "मग पहिल्याच दिवशी रकाना कोरा का नाही ठेवलास?" आज तोच फॉर्म पुन्हा दिला तरी मी कॅथलिकच लिहीन. माझा आक्षेप फक्त वसुलीच्या रीतीवर आहे. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. येत्या गुरुवारी इथल्या फादरांना भेटायचं ठरलंय, त्याआधी कुणी अनुभव लिहिलात तर फार उपकार होतील.