मदत हवी आहे: इंग्रजीत नामानंतर विशेषण लिहिले तर वाक्य चुकते का?

वणीकडचा पालक:
माझी मुलगी मराठी माध्यमातून नववीत शिकते. सहामाहीच्या इंग्रजीच्या पेपरात तिने विशेषण नामानंतर लिहिले म्हणून गुण कापले गेले आहेत आणि समासात लाल शाईने ‘विशेषण नामाआधी येते’ एवढाच शेरा आहे. मलाही शाळेत हाच नियम शिकवला होता. परंतु मुलगी ऐकायला तयार नाही, कारण वाचनालयातल्या एका गोष्टीत तिने असेच वाक्य पाहिल्याचे ती सांगते. उद्या सकाळी दहाला मला शाळेत जायचे आहे, तेव्हा बरोबर की चूक एवढेच आज रात्री सांगावे. लांबलचक व्याकरण नको.

पळसफूल:
दादा, वाक्य कोणते आणि त्यात क्रियापद कोणते, हे आपण लिहिलेच नाही. सातबारा न दाखवता शेताची मोजणी मागण्यासारखे हे झाले.

भरतीची तयारी:
वाक्याची गरज नाही. मेक, कीप, फाइंड, लीव्ह, कन्सिडर अशी मोजकी क्रियापदे असतात आणि त्यांच्यापुढे आधी कर्म, मग विशेषण येते. मी ही यादी भिंतीवर चिकटवून पाठ केली आणि तेव्हापासून अशा प्रश्नात माझा एकही गुण गेलेला नाही. मुलीलाही पाठ करायला लावा.

वणीकडचा पालक:
वाक्य असे आहे: ‘माय अंकल पेंटेड द हॉर्न्स रेड.’ निबंध ‘माझे गाव’ या विषयावर होता आणि त्यात तिने पोळ्याचे वर्णन केले आहे. पेंट हे क्रियापद वरच्या यादीत दिसत नाही. म्हणजे वाक्य चूक धरायचे का?

निवृत्त मास्तर:
वाक्य पूर्णपणे बरोबर आहे आणि यादी अपुरी आहे. मराठी व्याकरणात आपण अधिविशेषण आणि विधिविशेषण असा भेद करतो. नामाआधी येऊन नामाला चिकटणारे ते अधिविशेषण, आणि नामानंतर येऊन त्याच्याविषयी काही विधान करणारे ते विधिविशेषण. ‘काकांनी लाल शिंगे रंगवली’ म्हटले तर शिंगे आधीपासूनच लाल होती आणि रंग कोणता दिला ते कळतच नाही. ‘काकांनी शिंगे लाल रंगवली’ म्हटले तर रंगवल्यामुळे ती लाल झाली. इंग्रजीतही नेमका हाच फरक आहे. शेऱ्याप्रमाणे दुरुस्ती करून ‘पेंटेड द रेड हॉर्न्स’ लिहिले, तर बिचाऱ्या बैलाची शिंगे जन्मतःच लाल ठरतील.

डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्पर्सन (१८६०–१९४३) अशा जोडीला ‘नेक्सस’ म्हणत असत. त्यांच्या मते ‘शिंगे’ आणि ‘लाल’ हे दोन शब्द मिळून वाक्याच्या पोटात दडलेले एक छोटे विधानच असते.

शिकवणी वर्ग:
सरांचा आदर राखून सांगतो, येस्पर्सन साहेब पेपर तपासायला येत नाहीत. मी मुलांना ‘पेंटेड द हॉर्न्स विथ रेड पेंट’ लिहायला सांगतो. त्यावर कोणीही बोट ठेवू शकत नाही. ज्या वाक्यासाठी शाळेत जाऊन भांडावे लागते, ते मुलाने लिहावेच कशाला?

पळसफूल:
कारण जगभरचे इंग्रजी लेखक ते रोज लिहितात. तुमची पळवाट शिंगांपुरती चालेल. ‘दार उघडे ठेव’ हे ‘लीव्ह द डोअर ओपन’ न म्हणता तुमच्या वर्गातली मुले कसे सांगणार?

मुख्य अडचण मला वेगळीच वाटते. लोहार लोखंड ठोकतो आणि ते चपटे होते, यासाठी आपण ‘ठोकून चपटे केले’ म्हणतो, म्हणजे कृतीला एक क्रियापद आणि परिणामाला दुसरे. इंग्रजीत मधले ‘करणे’ गळून पडते आणि ‘हॅमर्ड द आयर्न फ्लॅट’ एवढ्यावर काम भागते. ‘पाटी पुसून स्वच्छ केली’ याचे ‘वाइप्ड द स्लेट क्लीन’ होते. रंगवण्याच्या बाबतीत मराठीलाही ‘करणे’ लागत नाही, म्हणून ते वाक्य आपल्या मुलीला सहज सुचले असावे. विशेषण मात्र कोणतेही चालत नाही. पुसून टेबल ‘क्लीन’ किंवा ‘ड्राय’ होते, परंतु घाणेरड्या फडक्याने पुसून ते खरोखर घाण झाले तरी ‘वाइप्ड द टेबल डर्टी’ असे कोणी म्हणत नाही. गोळी घालून ठार केले हे ‘शॉट हिम डेड’ होते, पण गोळी घालून जखमी केले याचे ‘शॉट हिम वूंडेड’ होत नाही. म्हणून यादी पाठ करायचीच असेल, तर क्रियापद आणि विशेषण यांच्या जोड्या पाठ कराव्यात.

भरतीची तयारी:
मग ‘पुश्ड ओपन द डोअर’ हे कसे चालते? तिथे विशेषण नामाआधीच आले आहे. म्हणजे शेरा लिहिणाऱ्या बाईंचेही काही चुकले नाही.

निवृत्त मास्तर:
‘द’ कुठे आहे ते पाहा. ‘दि ओपन डोअर’ मध्ये ‘ओपन’ हा शब्द आर्टिकल आणि नाम यांच्या मध्ये आहे, म्हणून तो नामाचा भाग झाला. ‘पुश्ड ओपन द डोअर’ मध्ये तो ‘द’च्या बाहेर, क्रियापदाला लगटून उभा आहे आणि त्याचे काम परिणाम सांगण्याचेच आहे. कर्म लांबलचक असले की ही अदलाबदल विशेष सोयीची होते. आणि शेरा बाईंनी लिहिला की सरांनी, हे इथे कोणी सांगितलेले नाही.

वणीकडचा पालक:
आपणा सर्वांचा आभारी आहे. मुलीने आता पेपर समोर आणून ठेवला तेव्हा कळले की लाल रेघ तीन वाक्यांखाली आहे. दुसरे वाक्य ‘वी पिक्ड द कॉटन वेट’ आणि तिसरे ‘माय ब्रदर शाउटेड होर्स’. पोळ्यात ओरडून भावाचा घसा बसला, असे तिला म्हणायचे होते. हे आधीच लिहायला हवे होते, क्षमस्व.

कपाशीवाला:
दव सुकायच्या आत कापूस वेचूच नये. सरकारी खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर असेल तर गाडी परत फिरते. ओला वेचलात तर अंगणात पसरून वाळवा, मगच गाडी भरा.

पळसफूल:
भाऊ, सल्ला मोलाचा आहे, पण प्रश्न ‘वेट’ या शब्दाचा आहे. योगायोगाने तुमच्या बोलण्यातच त्याचे उत्तर आहे. तुम्ही ‘ओला वेचलात’ म्हणालात; वेचल्यामुळे कापूस ओला झाला, असे तुम्हाला म्हणायचे नव्हते, वेचताना तो ओला होता एवढेच म्हणायचे होते. ‘चहा गरम प्यायलो’, ‘मासा कच्चा खाल्ला’ ही वाक्ये त्याच जातीची आहेत. शिंगांच्या वाक्यात विशेषण परिणाम सांगते, कापसाच्या वाक्यात ते कृतीच्या वेळची अवस्था सांगते. दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. ओळखण्यासाठी मराठीत ‘-ऊन केले’ घालून पाहावे: ‘शिंगे रंगवून लाल केली’ जमते, ‘कापूस वेचून ओला केला’ म्हटले तर हसू येते.

निवृत्त मास्तर:
तिसऱ्या वाक्याचा गुण मात्र न्यायाने गेला आहे. ‘शाउट’ अशा अर्थाने वापरले की त्याला कर्म नसते आणि परिणामाचे विशेषण टेकायला कर्म लागतेच. म्हणून इंग्रजी तिथे ‘स्वतःला’ असे नावापुरते कर्म उभे करते आणि ‘शाउटेड हिमसेल्फ होर्स’ म्हणते. शब्दशः मराठीत आणले तर ‘स्वतःला ओरडून घोगरे केले’ असे विचित्र होईल, त्यामुळे मराठी मुलाकडून ही चूक होणे स्वाभाविक आहे. बाकीचा निबंधही एकदा नजरेखालून घालावा.

वणीकडचा पालक:
घातला. एका वाक्याला बरोबरची खूण आहे, तरी आता ते वाचून मला शंका येते: ‘ग्रँडफादर कीप्स द शेड क्लीनली.’

पळसफूल:
ते चूक आहे. गोठा कसा राहतो हे सांगायचे असल्यामुळे तिथे ‘क्लीन’ हे विशेषणच हवे. ‘क्लीनली’ हे क्रियाविशेषण आहे आणि ते ठेवण्याची रीत सांगू लागते. म्हणजे शेऱ्यातला नियम पाळण्याच्या धडपडीत नामानंतरच्या विशेषणाला ‘ली’ लागला, आणि नेमके तेच वाक्य पास झाले.

शिकवणी वर्ग:
म्हणून सांगत होतो, शाळेत जाऊ नका. दोन गुण मागायला जाल आणि एक घालवून याल.

वणीकडचा पालक:
दुसऱ्या दिवशीची हकिगत कळवतो. मी मुलीलाच सोबत नेले. तिने शिक्षकांना ‘लाल शिंगे रंगवली’ आणि ‘शिंगे लाल रंगवली’ ही दोन वाक्ये फळ्यावर लिहून दाखवली. ते थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिले, मग पहिल्या वाक्याचा गुण त्यांनी दिला. कापसाच्या वाक्याबाबत ‘विचारून सांगतो’ म्हणाले. गोठ्याचे वाक्य मात्र मुलीने स्वतःच दाखवले आणि तिथला गुण परत केला, त्यामुळे एकूण बेरीज आहे तिथेच आहे. घरी येताना तिने मला विचारले की ‘आजीने भाकर कडक भाजली’ यातले ‘कडक’ हे परिणाम सांगते की भाजण्याची रीत. मला उत्तर देता आले नाही. कोणी सांगेल का?