गाया असताना तारकागुच्छासाठी क्ष-किरण कशाला?

सत्तरीची_चांदणी:
वाळपईहून लिहितेय. एमएस्सीच्या प्रकल्पात एका तरुण खुल्या तारकागुच्छातले सदस्य शोधायचेत. गाया या अवकाश दुर्बिणीच्या डेटावरून अंतर आणि आकाशातली सरक जुळणारे तारे निवडले, यादी झाली म्हणून खूश होते. सर म्हणाले, चंद्रा दुर्बिणीचे क्ष-किरण स्रोतही जुळवून बघ. काल रात्री जुळवले (मध्ये दोनदा लाईट गेली, पावसात आमच्याकडे रोजचंच) आणि घोळ झाला. कितीतरी क्ष-किरण ठिपक्यांना गायात जोडच नाही. शिवाय ए वर्गाचा (सूर्याहून तापलेला, पांढरा) एक तारा ठळक दिसतोय. ए तारे क्ष-किरणांत गप्प असतात ना? गाया एवढी अचूक असताना ही उठाठेव कशासाठी?

पोफळीखालचा_मास्तर:
अगो, जत्रेच्या गर्दीत कोण कुणाबरोबर चालतंय ते गाया सांगते. त्यातलं पोर कोण, ते क्ष-किरण सांगतात. पोरं गप्प बसत नाहीत! सूर्यासारखा तारा लहानपणी भराभर फिरतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र जोरदार असतं आणि भोवतालचा वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो. आजच्या सूर्याच्या हजारपट, कधी त्याहूनही जास्त क्ष-किरण तो फेकतो. वय वाढलं की फिरणं मंदावतं, आवाज उतरतो. कृत्तिकांचं वय सव्वाशे दशलक्ष वर्षांच्या आसपास, तरी त्या रोहिणीजवळच्या हायडीजपेक्षा बऱ्याच बोलक्या.

जोड न सापडलेले ठिपके लगेच पुसू नकोस. नवजात गुच्छ अजून धुळीत असतो आणि गायाने बघितलं ते दृश्य प्रकाशात. डिचोलीला खनिजाचे ट्रक धावत, तेव्हा धुळीत समोरचं घर दिसत नसे, देवळातली घंटा मात्र ऐकू यायची. जास्त ऊर्जेचे क्ष-किरण तसे धुळीतून निसटतात. ते ठिपके अवरक्त यादीशी जुळवून बघ.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. अवरक्तात आपण तरुण तारे ओळखतो ते भोवतालच्या वायू-धुळीच्या तबकडीमुळे. पण अनेकांची तबकडी काही दशलक्ष वर्षांतच विरून जाते. मग तो तारा अवरक्तात एखाद्या म्हाताऱ्या ताऱ्यासारखाच दिसतो, क्ष-किरणांत मात्र पकडला जातो. नुसते तबकडीवाले मोजलेस तर निम्मं घर न मोजताच खानेसुमारी केल्यासारखं होईल, आणि ग्रह घडायला किती वेळ मिळतो त्याचा हिशेबही चुकेल.

म्हादईकाठचा:
मास्तरांचं बरोबर, पण प्रत्येक ठिपका पोर नसतो हो. २००३ च्या जानेवारीत चंद्राने मृगातल्या तेजोमेघाकडे जवळपास दहा दिवसांचा वेध घेतला, १६१६ स्रोत सापडले. बहुतेक तिथलेच तरुण तारे, पण शंभराहून जास्त स्रोत मागच्या दूरच्या दीर्घिकांची केंद्रं निघाली. अवरक्तात फार फिकी जोड असलेले किंवा अजिबात नसलेले ठिपके आधी त्या संशयात घाल.

ए ताऱ्याचं म्हणशील तर, त्याच्या बाहेरच्या थरात चुंबकीय क्षेत्र घडवणारं सूर्यासारखं उकळणं नाही आणि अतितप्त ओ ताऱ्यांसारखे क्ष-किरण उठवणारे जोरदार वारेही नाहीत. बहुधा शेजारचा लहान तारा बोलत असावा. चंद्रा अर्ध्या विकलेपर्यंत (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) वेगळं करते. ४०० पार्सेकवर (एक पार्सेक म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षं) ते २०० खगोलीय एकक, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या २०० पट होतात. त्याहून जवळचा जोडीदार एकाच ठिपक्यात मिसळणार.

सत्तरीची_चांदणी:
बघितलं! त्या ए ताऱ्याचा गायातला रूवे (मोजमाप एकट्या ताऱ्याच्या गणिताशी किती जुळतं ते सांगणारा आकडा) १.४ च्या वर आहे, म्हणजे एका ताऱ्यासाठी मोजमाप नीट बसत नाहीये. जोडीदार असेलही. यादीत तो ठेवते, पण शेजारी प्रश्नचिन्ह काढते. जोड नसलेल्यांपैकी बरेच अवरक्तात सापडले, काही अगदीच फिके आहेत. ते वेगळे काढलेत. सरांना सोमवारी दाखवते, तोवर लाईट राहू दे म्हणजे झालं.